आधी मांसाचं ठरवा

रायफल आमच्याकडे होती. विस्कॉन्सिनला हरणाच्या सीझनमध्ये वापरतो तीच .३०-०६, एल्कलाही चालणारी. त्यामुळे कोलोरॅडोला जायचं ठरल्यावर नवरा आणि मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो एल्क कुठे सापडतील हे बघायला. आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले, तरुणपणापासून दर ऑक्टोबरला पश्चिमेकडे जाणारे. त्यांनी नकाशाकडे न बघताच विचारलं, "मांस गाडीपर्यंत किती वेळात आणणार?" पुढचे सगळे महिने या एका प्रश्नाने आमचा बेत आखला.

विस्कॉन्सिनमध्ये हा प्रश्न पडत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सीझन सुरू होतो, मचाण शेताच्या कडेला असतं, आणि पडलेलं हरीण दोघांनी ओढत नेलं की काम झालं. एल्क हा आपल्या सांबराचा भाऊबंद, पण आकाराने फार मोठा. पूर्ण वाढीचा नर तीनशे किलोच्या घरात जातो. हाडं काढली तरी ऐंशी-नव्वद किलो मांस उरतं आणि ते नऊ-दहा हजार फुटांवरून, विरळ हवेत, पाठीवर वाहून आणायचं असतं. त्यातलं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी ते टाकलं नसतं. जे उचलून आणता येणार नाही ते मारायचा हक्क आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

राज्य निवडणं त्यामानाने लवकर झालं. वायोमिंगमध्ये वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी गाइड घ्यावाच लागतो, आणि तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. कोलोरॅडोत दुसऱ्या रायफल सीझनचा नराचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, बऱ्याच युनिटमध्ये सोडतीशिवाय मिळत होता. तिथल्या रहिवाशाला जो टॅग शंभर डॉलरच्या आत पडतो, त्याला आम्ही प्रत्येकी आठशेच्या आसपास मोजले. ते मला खुपलं नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते. वायोमिंगहून आणून पुन्हा सोडावे लागले. आज देशात सर्वांत जास्त एल्क तिथेच आहेत. त्यांची राखण बरीचशी याच लायसन्सच्या पैशावर चालते. भर म्हणून काडतुसांवरचा आणि रायफलींवरचा ११ टक्के करही १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

आईला फोनवर हेच समजावलं. सांगलीत बसून तिला शिकार म्हटलं की तुरुंग आठवतो, आणि ते बरोबरच आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीची दारं बंद केली. "परवानगी कागदावर आहे ना गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आहे, आई. आणि किती नर मारायचे तेही त्याच कागदावर आहे. माणशी एक."

जागा ठरली फ्लॅट टॉप्सच्या पठाराची. इथल्याच ट्रॅपर्स लेकला १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला वनखात्याने बंगल्यांचे प्लॉट आखायला पाठवलं होतं. त्याने सुचवलं की हे तळं आहे तसंच राहू द्या. ते तसंच राहिलं, म्हणूनच तिथे आज चाक चालत नाही. मोटार तर नाहीच, सायकल नाही, मांस ओढायची हातगाडीसुद्धा नाही. त्यात खोडकिड्याने मेलेल्या स्प्रूसची झाडं आडवी पडलेली. नकाशावरचा एक मैल तिथे तिप्पट दमवतो.

शेजाऱ्यांनी उन्हाळाभर आमची तालीम घेतली. आमच्याकडे पाणी मृदू करायच्या यंत्रात घालायचं मीठ चाळीस पौंडांच्या पोत्यात मिळतं. ते पोतं सामानाच्या सॅकमध्ये बांधून आम्ही जवळच्या स्कीच्या टेकडीवर चढायचो. पहिल्यांदा पोतं खाली सरकून कमरेवर बसलं, तेव्हा शेजाऱ्यांनी पट्टे सोडवून वजन खांद्यांच्या मध्ये, पाठीला चिकटून कसं बांधायचं ते दाखवलं. मग त्यांनी गॅरेजमध्ये एक जुनी चादर टांगली आणि कातडीसह तंगडी कशी धरायची, सुरी कुठून घालायची ते चादरीवरच शिकवलं. एल्कची कातडी जाड, केस दाट. आतली ऊब बाहेर पडत नाही आणि हाडाजवळचं मांस आधी नासतं. म्हणून कातडी लगेच उतरवायची, तुकडे सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे. हाडं काढताना एका तुकड्यावर जनावर नर असल्याची खूण अंगचीच राखायची. ती कापून वेगळी आणलेली चालत नाही.

मेंदू आणि पाठीचा कणा मात्र तिथेच सोडायचा. हरणांना होणारा सीडब्ल्यूडी हा जीवघेणा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्याच एका संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला. तो माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण तपासणीत रोग आढळलेलं मांस खाऊ नये असं सांगतात. आम्ही नमुना द्यायचा आणि निकाल येईपर्यंत फ्रीझरला हात लावायचा नाही असं ठरवलं.

गोळी कधी झाडायची नाही, हे ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. नराच्या एका शिंगाला चार फाटे तरी हवेत, नाहीतर कपाळालगतचा फाटा पाच इंच तरी हवा. ते दुर्बिणीतून स्पष्ट मोजता आलं नाही तर बोट ट्रिगरवर जाणार नाही. सूर्यास्तानंतर अर्धा तास कायद्याने मिळतो. आम्ही दुपारी चारनंतर गाडीपासून मैलाच्या पुढे झाडायचं नाही असं ठरवलं.

राहिली होती उत्तरेकडची खोल दरी. पाणी, गवत, दाट झाडी, माणसाची वर्दळ नाही. एल्क असतील तर तिथेच, असं शेजारीही म्हणाले. नवऱ्याने वाटेची उंची मोजून बघितली. तिथे पडलेला नर वर आणायला आम्हा दोघांना दोन दिवस लागले असते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात मांस तेवढं थांबत नाही. "घोडेवाला मिळेल का?" मी विचारलं. त्या आठवड्याचे सगळे घोडे कधीच ठरलेले होते. आम्ही त्या दरीवर लाल पेन्सिलीने काट मारली आणि मुक्काम रस्त्याजवळच्या पूर्वेकडच्या उतारावर ठरवला.