सहा तास खेळून लिहिलेलं परीक्षण

माझ्या कपाटातल्या एका फाइलमध्ये एप्रिल २०१८ चं कात्रण आहे. साडेपाचशे शब्दांचं परीक्षण, खाली माझं नाव. विषय ‘ए.ओ.टी. २’, म्हणजे ‘अटॅक ऑन टायटन’ या अ‍ॅनिमेवर बेतलेल्या अ‍ॅक्शन गेमचा दुसरा भाग. मी त्याला पाचपैकी दोन तारे दिले होते. तारे कमी पडले एवढंच असतं तर आज लिहायला बसलो नसतो. ते कसे दिले, आणि चूक कळल्यावर मी काय केलं, ते सांगायचं आहे.

ज्यांना ही कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हाजिमे इसायामा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००९ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये संपली. माणसं खाणारे अजस्र टायटन आणि त्यांच्यापासून वाचण्यासाठी पन्नास मीटर उंच भिंतींच्या आत कोंडून राहिलेली माणसं. टायटनचा हात तोडला, पाय तोडला, तरी तो पुन्हा उगवतो. तो मरतो फक्त मानगुटीवर वार बसला तर. तिथवर पोचायला सैनिक कमरेला एक यंत्र बांधतात. त्यातून हुक लावलेल्या तारा सुटतात, भिंतीत नाहीतर झाडात रुततात, आणि गॅसच्या जोरावर माणूस हवेत झेपावतो. २०१३ मध्ये अ‍ॅनिमेचा पहिला सीझन आला, २५ भागांचा. ते उडणं पाहून जगभरच्या पोरांना एकच वाटलं, हे आपल्याला करायला मिळालं पाहिजे. जपानच्या ओमेगा फोर्सने ते २०१६ मध्ये गेममध्ये आणलं, आणि मार्च २०१८ मध्ये दुसरा भाग आला.

संपादकांचा फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. मजकूर सोमवारी सकाळी हवा होता. मी हो म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं, किंवा निदान आठवडा मागून घ्यायला हवा होता. पण स्तंभ नवीन होता आणि तो हातून जाईल अशी भीती होती.

गेम लॅपटॉपवर डाउनलोड होत होता, त्या वेळात मी चार-पाच इंग्रजी परीक्षणं वाचून काढली. पहिली घसरण इथेच झाली. बहुतेकांचं म्हणणं सारखं होतं: हालचाल सुंदर, पण लढाया त्याच त्या, पहिल्या सीझनची कथा पुन्हा सांगितलेली, नायक मुका, आणि दाट वस्तीत कॅमेरा अडकतो. गेम सुरू करण्याआधीच माझं मत तयार होतं. पुढचे सहा तास मी त्या मताला पुरावे गोळा करत बसलो.

कंट्रोलर माझ्याकडे नव्हता, म्हणून कीबोर्डवर खेळलो. तारा सोडणं, दिशा बदलणं, टायटनचा कुठला अवयव धरायचा ते निवडणं आणि नेमक्या क्षणी वार करणं, हे सगळं एका वेळी करताना बोटांचा गुंता व्हायचा. वार हुकले की मी वहीत लिहायचो, ‘नियंत्रण ढिसाळ’. परीक्षणातही तेच छापून आलं. मी कीबोर्डवर खेळलो होतो हे मात्र त्यात कुठेच नव्हतं.

त्याहून वाईट एक वाक्य आहे. कात्रणात त्याखाली मी नंतर लाल शाईने रेघ मारली आहे. ‘शेकडो शत्रूंना एका दमात आडवं करत जायचं, बाकी काही नाही.’ हे ‘ए.ओ.टी. २’ चं वर्णन नाहीच. हे ‘डायनेस्टी वॉरियर्स’चं वर्णन आहे, ओमेगा फोर्सच्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेचं. टायटनच्या लढाईत शेकडो शत्रू एका फटक्यात पडत नाहीत. एकेका टायटनला घेरावं लागतं, त्याचं तोंड कुठे वळलंय ते बघावं लागतं, पाती बोथट झाली की बदलावी लागतात, गॅस संपत आला की तो पुन्हा भरावा लागतो. टायटनच्या हातात सापडलात तर जीव जाऊ शकतो. कंपनीच्या नावावरून खेळाचा अंदाज बांधून मी वाक्य ठोकून दिलं. माझ्यासमोर पडद्यावर वेगळंच चाललं होतं आणि मी ते पाहिलं नाही.

तिसरी गोष्ट संवादांची. या भागात तुम्ही मूळ कथेतले एरेन किंवा मिकासा म्हणून मुख्य कथा खेळत नाही. तुमचा स्वतःचा सैनिक घडवता, आणि सगळी कथा त्या निनावी सैनिकाच्या रोजनिशीतून उलगडते. दोन लढायांच्या मध्ये सोबत्यांशी बोलायचं असतं, मैत्री वाढवायची असते. मी हे सगळं बटण दाबून पुढे ढकललं. वेळ नव्हता. परीक्षणात लिहिलं, ‘मधले संवाद निव्वळ भरताड’.

त्या वर्षी दिवाळीला माझा भाचा कोल्हापूरहून आमच्याकडे आला. अकरावीत होता. येताना पाठपिशवीत स्वतःचा कंट्रोलर घेऊन आला होता. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना तो माझ्या लॅपटॉपसमोर बसला आणि त्याने माझाच अर्धवट सोडलेला खेळ उघडला. सोबत्यांची यादी उघडून बराच वेळ बघत राहिला.

“मामा, तू कुणाशी बोललाच नाहीस?”

“त्याने काय होतं?”

“मैत्री वाढली की त्यांच्याकडून कौशल्यं मिळतात. ती लावल्याशिवाय सगळ्या लढाया सारख्याच वाटणार ना.”

मग त्याने ट्रॉस्ट शहरातली एक लढाई खेळून दाखवली. ती दोन मिनिटं मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. त्याने आधी छपरावर थांबून दुर्बिणीतून एका बेसावध टायटनवर नजर रोखली आणि लपून पहिला वार केला. दुसरा टायटन त्याच्याकडे वळला. भाचा जवळ गेला नाही, उलट लांब सरकला, आणि लांबूनच हुक रोवून थेट मानगुटीवर कोसळला. याला हुक ड्राइव्ह म्हणतात. पहिल्या भागात हे नव्हतं. तिसऱ्या टायटनचा पंजा अगदी अंगावर येईपर्यंत तो थांबला, शेवटच्या क्षणी बटण दाबलं, आणि सैनिक गर्रकन त्याच्या पाठीमागे गेला. भाच्याच्या अंगठ्यांची हालचाल इतकी थोडी होती की मी पडद्याऐवजी त्याच्या हातांकडेच बघत राहिलो. यातलं एकही तंत्र मी सहा तासांत वापरलं नव्हतं.

खेळ थांबवून तो म्हणाला, “मी तुझा लेख वर्गातल्या मित्राला दाखवला होता. तो पैसे साठवत होता या गेमसाठी. मग त्याने घेतलाच नाही.”

तो तक्रार करत नव्हता. मी परीक्षण लिहितो याचा त्याला अभिमान होता, म्हणून त्याने लेख दाखवला होता. मला काही बोलता आलं नाही.

मी कंट्रोलर विकत घेतला आणि पुढच्या तीन आठवड्यांत गेम पूर्ण केला. एकूण चौतीस तास लागले. आता दोष माझ्या स्वतःच्या डोळ्यांना दिसत होते, आणि ते खरे होते. कॅमेरा अरुंद गल्लीत खरंच अडकतो. टायटन आणि भिंत यांच्या मध्ये सापडलात की आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मोहिमांमधली छोटी कामं एकाच साच्यातली आहेत. पण कथा पुन्हा का सांगितली, याचा मी पहिल्यांदा विचारच केला नव्हता. अ‍ॅनिमेचा दुसरा सीझन यायला चार वर्षं लागली, २०१७ उजाडलं, आणि त्यात भाग होते फक्त बारा. तेवढ्यावर पूर्ण गेम उभा राहणं कठीण. म्हणून पहिला सीझन परत घ्यावा लागला, आणि तो शिळा वाटू नये म्हणून एका साध्या सैनिकाच्या नजरेतून दाखवला. ज्या माणसाचं नाव इतिहासात उरलं नाही, त्याची रोजनिशी आपण वाचतो आहोत, हे लक्षात ठेवून खेळलात की तेच शिगानशिना शहर, तेच ट्रॉस्ट वेगळं भासतं. शेवट सांगत नाही. पण तो मुका नायक मला शेवटी मुका वाटला नाही.

हे सगळं कळल्यावर मी दुरुस्ती छापायला हवी होती. चार ओळी पुरल्या असत्या. संपादकांनी त्या नक्की छापल्या असत्या, तशी त्यांची रीत होती. मी त्यांना सांगितलंच नाही. वर्ष संपलं, आणि मी स्वतःची समजूत घातली की आता कुणाला आठवत असणार.

जुलै २०१९ मध्ये ‘फायनल बॅटल’ हा विस्तार आला, तिसऱ्या सीझनच्या कथेचा. त्यातले वज्रभाले आणि माणसांशी लढण्याच्या बंदुका ही खरी नवी भर होती. त्याचं परीक्षणही माझ्याकडेच आलं. त्यात मी लिहिलं, ‘हुक ड्राइव्हमुळे लढतीला आता वेग आला आहे, सोबत्यांशी मैत्रीचा भागही रंगतदार झाला आहे.’ हे दोन्ही २०१८ च्या गेममध्ये पहिल्या दिवसापासून होतं. माझी चूक झाकण्यासाठी मी त्याच गोष्टी निर्मात्यांनी केलेली सुधारणा म्हणून खपवल्या. पहिलं परीक्षण घाईने बिघडलं होतं. हे दुसरं मी समजून उमजून खोटं लिहिलं, आणि त्याला साडेतीन तारे देऊन मोकळा झालो. माझ्या सगळ्या लेखनात या एका वाक्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

त्यानंतरच्या प्रत्येक परीक्षणाच्या वर मी चार गोष्टी छापायला देतो: किती तास खेळलो, कशावर खेळलो, शेवटपर्यंत गेलो की नाही, आणि मूळ अ‍ॅनिमे किती पाहिली. सहा तास खेळलो असेन तर सहा असंच लिहितो. दुसऱ्यांची परीक्षणं माझं लिहून पाठवल्यावरच वाचतो. भाच्याचा तो मित्र पुढे इंजिनीअरिंगला गेला. मी त्याला पत्र लिहून हे सगळं सांगितलं आणि गेमही पाठवला.

राहिली ती दुरुस्ती, सात-आठ वर्षं उशिरा. ‘ए.ओ.टी. २’ ला माझे पाचपैकी साडेतीन तारे. अ‍ॅनिमेचे पहिले दोन सीझन आधी पाहा, कंट्रोलर घ्या, सोबत्यांशी बोला. एप्रिल २०१८ चं माझं परीक्षण मी मागे घेतो.