घराच्या चौकटीतली दोघे

वास्तुछायाचित्रण, म्हणजे इमारतीची रचना आणि तिच्यात खेळणारा उजेड टिपण्याची कला, ही वरवर पाहता दगडाविटांची आणि पोलाद-काचेची कला वाटते. परंतु एखादे राहते घर तिचा विषय झाले की ज्या दोघांनी ते हौसेने बांधले आणि ज्यांचा संसार तेथे चालतो, त्यांना चित्रात कोठे जागा द्यायची, हा प्रश्न हटकून उभा राहतो. अमेरिकेतील छायाचित्रकार ज्यूलियस शुलमन (१९१०–२००९) यांच्या सत्तरहून अधिक वर्षांच्या कामात या प्रश्नाची उत्तरे विखुरलेली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

१९३६ साली लॉस एंजेलिसमध्ये वास्तुकार रिचर्ड नॉयट्रा यांनी बांधलेल्या एका घराची छायाचित्रे शुलमन यांनी खिशात मावणाऱ्या साध्या कोडॅक कॅमेऱ्याने घेतली. ती नॉयट्रांनी विकत घेतली आणि हौसेचा व्यवसाय झाला. पुढे त्यांच्या हाती भात्याचा मोठा कॅमेरा आला. या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म स्वतंत्रपणे सरकवता येत असल्याने भिंतींच्या उभ्या रेषा चित्रात कलत नाहीत. मात्र छायाचित्रकाराला काळ्या कापडाखाली डोके घालून मागच्या काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा न्याहाळावी लागते. इतक्या सावकाश चालणाऱ्या कामात कोणतीही गोष्ट सहजगत्या चौकटीत येत नाही, माणसे तर नाहीच.

पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटातील कॉफमन घराचे १९४७ सालचे चित्र हे याचे उत्तम उदाहरण होय. नॉयट्रांनी एडगर आणि लिलियान कॉफमन या दांपत्यासाठी बांधलेल्या या घरापुढे, मावळत्या उजेडात, शुलमन यांनी सुमारे पाऊण तास अधूनमधून शटर उघडझाप करत एकाच फिल्मवर डोंगर, आकाश आणि घरातले दिवे साठवले. पोहण्याच्या तलावातील दिव्याचा झोत भिंगावर येत होता, म्हणून लिलियान यांना तलावाच्या काठी आडवे पडण्यास सांगण्यात आले. चित्र अप्रतिम आहे यात शंका नाही. पण घराची मालकीण त्यात आहे ती दिव्याला आडोसा म्हणून.

दुसरे चित्र याहूनही प्रसिद्ध आहे. ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या मासिकाचे संपादक जॉन एंटेन्झा यांनी १९४५ मध्ये ‘केस स्टडी हाउस’ हा उपक्रम सुरू केला होता. युद्धोत्तर काळातील कुटुंबांसाठी नव्या साहित्यातून नमुन्याची घरे बांधून दाखवणे, हा त्याचा हेतू. त्यातील बाविसावे घर बक आणि कार्लोटा स्टाल या जोडप्याचे. १९५४ साली १३,५०० डॉलरला घेतलेल्या टेकडीच्या कड्यावर बक यांनी सुटीच्या दिवशी टाकाऊ काँक्रीटचे तुकडे वाहून आणून भराव रचला, आणि त्यावर पिअर कोनिग यांनी काच-पोलादाचे घर उभे केले. ९ मे १९६० च्या रात्री शुलमन यांनी शहराचे दिवे उमटावेत म्हणून सुमारे सात मिनिटे शटर उघडे ठेवले आणि मग फ्लॅश उडवून काचेआड बसलेल्या दोन तरुणी उजळल्या. त्या दोघी त्या घरच्या नव्हत्या. जगाने ते घर ओळखले ते पाहुण्यांच्या चेहऱ्यांनी, आणि ज्यांच्या हातांनी तो भराव रचला ते चौकटीबाहेरच राहिले.

ही उणीव सर्वांत कमी जाणवते ती चार्ल्स आणि रे ईम्स या डिझाइनकार दांपत्याच्या पॅसिफिक पॅलिसेड्समधील घरात. याच उपक्रमातील हे आठवे घर. त्याचा पहिला आराखडा टेकडीतून पुलासारखा पुढे झेपावणारा होता. युद्धानंतरच्या टंचाईमुळे पोलाद यायला उशीर झाला, तेवढ्या काळात दोघांचा पुढच्या कुरणावर जीव जडला, आणि कुरण मोडू नये म्हणून त्यांनी जवळपास तेवढ्याच पोलादात निलगिरीच्या रांगेमागे १९४९ साली वेगळे घर बांधले. शुलमन यांनी या घरात टिपलेल्या एका चित्रात ती दोघे आपल्याच पसाऱ्यात बसलेली आहेत: गालिचे, खेळणी, कुंड्या, गोळा केलेल्या वस्तू. येथे कोणाला आडोसा व्हावे लागलेले नाही. पण खरे श्रेय त्या दोघांचेच मानावे लागेल, कारण ती स्वतःही आपल्या घराची अखंड छायाचित्रे घेत होती. १९५५ साली त्या स्थिरचित्रांचाच त्यांनी एक लघुपट केला, ज्यात माणसांपेक्षा पाने, फुले, ताटल्या आणि काचेवरच्या सावल्या यांनाच अधिक जागा आहे. तरीही प्रत्येक वस्तूवर ती ठेवणाऱ्या हाताची खूण दिसते.

ही दृष्टी त्यांनी भारतातही आणली. १९५८ च्या ‘इंडिया रिपोर्ट’मध्ये, ज्याच्या आधारावर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यांनी लोट्याची मनापासून स्तुती केली. मराठी घरातील तांब्याचाच हा भाऊबंद. तो कोणा एकाने घडवला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या वापराने घडवला. घराकडेही ती दोघे तशीच पाहत असावीत.

चार्ल्स यांचे निधन २१ ऑगस्ट १९७८ रोजी झाले. रे त्या घरात राहत होत्या, आणि बरोबर दहा वर्षांनी, २१ ऑगस्ट १९८८ रोजी, त्यांनीही जगाचा निरोप घेतला.