चित्रफितींच्या माहेरी

वाई येथील आमच्या वाड्याच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा होता. कधीकाळी त्यातून बिस्किटे आली असावीत. झाकणावरील चित्र आता ओळखू येत नाही. दरवर्षी दिवाळीच्या झाडलोटीत तो खाली उतरे, कोणीतरी तो उघडून पाही, "राहू द्या, धाकट्या काकांचे आहे," असे म्हणे, आणि डबा पुन्हा वर जाई. गेल्या दिवाळीत मात्र झाकण उघडताच सर्वांनी नाकाला पदर-रुमाल लावले. व्हिनेगरचा उग्र, आंबूस दर्प खोलीभर पसरला. थोरल्या वहिनींना वाटले की, कोणी तरी लोणच्याची बरणी आत विसरले. आत लोणचे नव्हते. आठ मिलिमीटर रुंदीच्या चित्रफितीची दोन छोटी रिळे होती. १९५८ साली आमच्या आत्याच्या लग्नात धाकट्या काकांनी एका स्नेह्याचा कॅमेरा उसना आणून ती घेतली होती.

ह्या रिळांना घरात विशेष मान असण्याचे कारण असे की, आमची आजी पुढे तीन वर्षांनी वारली. तिचे एकच छायाचित्र भिंतीवर आहे, आणि तेही अशा अंगाचे की, त्यात नथ दिसते, मुद्रा दिसत नाही. चालतीफिरती आजी असलीच, तर ती त्या डब्यात. १९९३ साली आम्ही ही रिळे एका दुकानी देऊन त्यांची व्हिडिओ कॅसेट करवून घेतली होती. "आता काळजी मिटली, हे कायमचे झाले," असे दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, आणि आम्हीही ते खरे मानून रिळांकडे पाठ फिरविली. आज त्या कॅसेटवर पांढरी बुरशी आहे, ती चालविणारे यंत्र भंगारात गेले आहे, आणि जे जुने म्हणून टाकून देण्यास आम्ही निघालो होतो, त्या रिळांवाचून आता आधार उरलेला नाही.

तेव्हा थोरल्या वहिनी, आमची पुतणी आणि आम्ही असे तिघे खंबाटकी ओलांडून पुण्यास गेलो. चित्रफितींच्या दुखण्यावर इलाज विचारावयाचा, तर तो ज्या रस्त्यावर त्यांचे माहेर आहे तेथेच, असे आमच्या एका पुणेकर स्नेह्याचे म्हणणे पडले.

तो रस्ता म्हणजे लॉ कॉलेज रस्ता. डेक्कन जिमखान्याकडून आत शिरावे. उजव्या-डाव्या हातास जुनी झाडे, मध्येच एखादा तग धरून राहिलेला बंगला, आणि पाठीशी टेकडी. शेजारीच प्रभात रस्ता आहे. त्या नावाचा उगम नव्या पिढीतील पुष्कळांस ठाऊक नसतो. १९२९ साली कोल्हापुरास स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली व तिने येथे आपला स्टुडिओ थाटला. दामले-फत्तेलाल ह्या जोडीचा 'संत तुकाराम' येथलाच. तो १९३६ साली निघाला व पुढल्या वर्षी व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९५३ साली कंपनीचा कारभार आटोपला. १९६० साली त्याच आवारात सरकारने चित्रपटविद्येची शाळा काढली, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा जन्म झाला. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. परंतु पुणेकर रिक्षावाल्याच्या तोंडी 'फिल्म अर्काइव्ह' हेच नाव आहे, आणि आम्हांसही त्याच नावाने तेथे पोहोचता आले.

आवारात बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांचा दगडी बंगला आहे. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ते हेच. बंगल्याची अलीकडे डागडुजी झाली असून तो पाहण्यासारखा आहे. वहिनी तर त्याच्या जिन्यापाशीच रेंगाळल्या. वाड्यात राहणाऱ्यास जुन्या लाकडाचे काम बारकाईने पाहण्याची खोडच असते. फिती ठेवण्याची दालने अर्थात निराळी. काही येथे, काही कोथरुडास. तेथे आमच्यासारख्या हौशी पाहुण्यांस मज्जाव आहे. प्रथम आम्ही किंचित हिरमुसलो. मागाहून कळले की, माणसाच्या श्वासाबरोबर आत जाणारा दमटपणाही तेथे नको असतो. देवघरातील सोवळे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे समजावून सांगावयास नको.

ज्यांच्याकडे आम्हांस जावयाचे होते, ते गृहस्थ जवळच एरंडवण्यात राहतात. चित्रफितींच्या कामात त्यांची हयात गेली. आता निवृत्त आहेत. नाव छापू नये, एवढ्या अटीवर त्यांनी आम्हांस सगळे दाखविले. डबा उघडला, रिळाचा वास घेतला, आणि वैद्याने नाडी पाहून मान हलवावी तशी मान हलविली.

ते म्हणाले, "वहिनी, हा ॲसिटेटचा रोग. ह्यास औषध नाही. थंडाव्यात ठेवले म्हणजे त्याची चाल मंदावते, एवढेच."

मग त्यांनी रोगाचा इतिहास सांगितला. जुन्या मूकपटांच्या व बोलपटांच्या फिती नायट्रेटच्या असत. ते द्रव्य मोठे दाहक. एकदा पेटले की, बाहेरची हवा नसली तरी जळत राहते, पाण्याखालीही विझत नाही. १९५०च्या सुमारास तिची निर्मिती बंद पडत गेली व तिच्या जागी ॲसिटेटची फीत सर्वत्र आली. घरगुती रिळे पहिल्यापासूनच ॲसिटेटची असत. ही आगीला भीत नाही. पण ऊन आणि ओल ह्यांना भिते. उष्ण व दमट हवेत तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटू लागते. तेच आम्ल तिला आणखी सडविते. बंद डब्यात ते कोंडून राहते व शेजारच्या निरोगी फितीसही बाधते. फीत आखडते, वाकते, कडेची भोके यंत्राच्या दातांशी जुळत नाहीत. आमच्या वाड्याचा माळा स्वयंपाकघरावर, शिवाय वाईचा पावसाळा. ऊन म्हणावे तर चुलीचे आणि ओल म्हणावी तर चार महिन्यांची! शत्रूने योजना करावी अशी जागा आम्ही आपण होऊन निवडली होती.

नायट्रेटची फीत काय करू शकते, हे पुण्याने प्रत्यक्ष पाहिले आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील तिच्या साठ्यास आग लागली व संग्रहालयाच्या शेकडो जुन्या चित्रपटांच्या फिती तीत नष्ट झाल्या. पुष्कळांच्या नव्या प्रती अन्यत्र होत्या. पण प्रत ती प्रत. आमचे यजमान हे सांगताना खिडकीकडे पाहत होते, म्हणून आम्ही अधिक विचारले नाही.

मात्र आगीपेक्षाही अधिक चित्रपट माणसांच्या हातून गेले. चित्रफितीच्या लेपात चांदी असते. खेळ संपला, मागणी सरली, की मालक रिळे वजनावर विकत आणि घेणारा चांदी काढून घेई. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील आज हाती आहेत ते अगदी थोडे, आणि त्यांतही अखंड असे विरळाच. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात झळकलेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ह्यात आपण भारतीयच गाफील, असे मात्र कोणी समजू नये. १९६९ साली मनुष्य चंद्रावर उतरला, त्या प्रक्षेपणाच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे अमेरिकेच्या नासा संस्थेस २००९ साली जाहीर करावे लागले. मग दूरचित्रवाणी केंद्रांनी जपलेल्या ध्वनिचित्रमुद्रणांवरून ती दृश्ये उजळून घेण्यात आली.

जे थोडे वाचले, त्यात पी. के. नायर ह्या गृहस्थांचा वाटा फार मोठा आहे. हे मूळचे केरळचे. संग्रहालयाच्या आरंभापासून १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी गावोगाव हिंडून, निर्मात्यांच्या वारसांस भेटून, गोदामे धुंडाळून फिती जमविल्या. २०१६ साली पुण्यातच ते निवर्तले. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात लोकांपुढे आला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच संग्रहालयाच्या हाती लागली. ती मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. १९१९ सालचा 'कालिया मर्दन' त्या मानाने बराच शिल्लक आहे. त्यात कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी. शंभर वर्षांपूर्वीचे ते पोर आजही हसते, खोड्या करते, आणि पाहणारे म्हातारे खुदकन हसतात. मराठी घरातील एका मुलीचे बाळपण असे टिकावे, आणि त्यासाठी एका मल्याळी माणसाने खपावे, ह्याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आता आमच्या रिळांकडे वळू. यजमानांच्या मागील खोलीत एक लहानसे यंत्र आहे. त्यास दाते नाहीत. फीत रबरी रुळांवरून अलगद सरकते व प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र छायाचित्र निघते. आमच्या एका रिळात पन्नास फूट फीत, म्हणजे सुमारे चार हजार चौकटी. मोठ्या चित्रपटगृहात दाखवितात त्या दोन तासांच्या चित्रपटात एक लाख बहात्तर हजारांवर चौकटी असतात, आणि प्रत्येक बारकाईने टिपावयाची तर एका चित्रपटाची साठवण आठ टेराबाइटांच्या घरात जाते. तीही एकदा करून भागत नाही. संगणकाच्या फिती व तबकड्या थोड्या वर्षांत जुन्या होतात, त्यांवरील मजकूर नव्यावर उतरवून घ्यावा लागतो. थंड, कोरड्या दालनात ठेवलेले जुने रीळ ह्या सर्वांहून अधिक जगते. आमचा कॅसेटवाला दुकानदार ऐकावयास हवा होता.

दुसरे रीळ काही उलगडले नाही. ते वडीसारखे चिकटून बसले होते. पहिल्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग निघाला. पडद्यावर ओरखडे, ठिपके, केस ह्यांचा पाऊस. यजमानांनी संगणकास ते पुसावयास सांगितले. त्याची रीत अशी की, मागच्या व पुढच्या चौकटीत नाही आणि मधल्या एकीतच आहे, तो ठिपका धुळीचा समजावा व शेजारच्या चौकटींवरून ती जागा भरून काढावी. चित्र पाहता पाहता लख्ख झाले. आम्ही वाहवा केली. पण पुतणी एकदम म्हणाली, "काका, अक्षता कुठे गेल्या?"

खरेच! अंतरपाट दूर झाला होता, मंडळींचे हात उंचावत होते, आणि त्यांतून काहीच पडत नव्हते. हवेतील प्रत्येक तांदूळ क्षणभरच एका जागी असतो. यंत्राने तो कचरा मानला. यजमान हसले व म्हणाले की, पावसाचे थेंब आणि होळीच्या ठिणग्याही असेच बळी पडतात, म्हणून ह्या कामास माणूस लागतो. मग त्यांनी तेवढा भाग मूळचा परत आणला, आणि खरी धूळ एकेक चौकट पाहून हाताने काढली. त्यात दुपार गेली. वहिनी शेजारी बसून, "ही अक्षता, हो, ही धूळ," असे सांगत होत्या.

आजी दिसली ती अक्षतांनंतर. तुळशीवृंदावनाकडून येत होती. हातात तबक. कॅमेरा आपल्याकडे वळला असे ध्यानी येताच ती थबकली, आणि लगेच पदर पुढे ओढून पाठमोरी झाली. तोंड दिसते ते मोजून एकवीस चौकटी. सेकंदास सोळा, म्हणजे सव्वा सेकंद. रागावलेली नाही, लाजलेली आहे. हनुवटी आमच्या पुतणीची.

"भाऊजी, पुन्हा लावायला सांगा ना," वहिनी म्हणाल्या. यजमानांनी ते किती वेळा लावले, हे कोणी मोजले नाही.

परतताना त्यांनी रिळांस कागदी खोक्यात, हवा खेळेल अशा रीतीने बांधून दिले व डबा वापरू नका म्हणून बजावले. त्याप्रमाणे ती आता उत्तरेकडील खोलीत, थंड भिंतीलगतच्या कपाटात आहेत. संगणकावरील प्रती तीन घरी ठेवल्या आहेत. एक आत्याच्या नातीकडे नाशिकास. बिस्किटांचा डबा वहिनींनी दोनदा घासून उन्हात ठेवला. वास अजून गेलेला नाही.