ऐंशी टक्के म्हणजे फुल्ल

आमच्या घरी ऐंशी टक्के म्हणजे "बरे आहेत, पण अजून पडले असते". प्रोपेनच्या टाकीत मात्र ऐंशी टक्के म्हणजे फुल्ल. वरचे वीस टक्के रिकामेच ठेवायचे असतात. ते रिकामे आहेत की नाहीत हे कळायला कुणाला तरी गाडीखाली आडवं व्हावं लागतं. हा लेख त्या आडवं होण्याबद्दल आहे.

माझ्याकडे एक जुनी, सेकंडहँड कॅम्परव्हॅन आहे. मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फीनिक्सला नोकरी करते आणि लाँग वीकेंड मिळाला की ही व्हॅन घेऊन बाहेर पडते. आत पलंग, दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रिज आणि थंडीसाठी फर्नेस. फर्नेस, शेगडी, फ्रिज सगळं प्रोपेनवर. आणि प्रोपेन आहे व्हॅनच्या पोटाखाली, चासीला बोल्टने कायमच्या बसवलेल्या एका आडव्या स्टीलच्या टाकीत. ती टाकी काढून नेता येत नाही. अख्खी व्हॅनच पंपावर न्यायची आणि तिथल्या प्रशिक्षित माणसाने ती भरून द्यायची.

टाकीत पाणी ओतलं तर ३८ लिटर मावेल. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे साधारण ३० लिटर प्रोपेन, वजन १५ किलोच्या आसपास. म्हणजे जवळपास आपल्या घरचा एक लाल सिलिंडर. गंमत म्हणजे तो सिलिंडरही काठोकाठ भरलेला नसतो. त्यात गॅस १४.२ किलो आणि आतली जागा ३३.३ लिटर. द्रव गॅसच्या घनतेने भागून पाहिलं, तर तिथेही साधारण ऐंशी टक्केच जागा भरलेली निघते. फरक फक्त मोजायच्या पद्धतीचा. आपला सिलिंडर बॉटलिंग प्लांटमध्ये काट्यावर ठेवून भरतात आणि घरी आला की आईसारख्या बायका गॅसवाल्याला परत वजन करायला लावतात. माझी टाकी काट्यावर ठेवायची तर व्हॅनसकट ठेवावी लागेल. म्हणून तिथे वजन नाही, पातळी बघतात.

पातळी बघायची सोय साधी आहे. टाकीवर एक छोटा स्क्रू असतो, त्याला ब्लीडर म्हणतात. त्याच्यामागून एक बारीक नळी टाकीत उतरते आणि तिचं तोंड बरोबर ऐंशी टक्क्यांच्या पातळीवर येऊन थांबतं. भरताना हा स्क्रू थोडा सैल करायचा. द्रव नळीच्या तोंडाखाली आहे तोवर नुसता वायू सूं करत बाहेर येतो, डोळ्यांना दिसत नाही. द्रव तोंडाशी पोचला की स्क्रूतून पांढरा फवारा उडतो. फवारा दिसला की पंप बंद. टाकीच्या आत एक फ्लोटही असतो, द्रव वर आला की तो आपोआप आवक अडवतो. पण तो दुसरा पहारेकरी. जुना फ्लोट अडकू शकतो. आणि व्हॅनच्या आतल्या पॅनेलवरचे चार दिवे तर फक्त अंदाज सांगतात.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर त्यानंतर कामाला आला तो इथेच. १५ अंशांना ऐंशी टक्के भरलेली टाकी ५० अंशांपर्यंत तापली, तर तोच द्रव फुगून नव्वद टक्के जागा घेतो. चालतं. पण तीच टाकी पंचाण्णव टक्के भरली असेल, तर हिशोब १०७ टक्क्यांवर जातो. स्टीलची टाकी काही १०७ टक्के होत नाही. मग प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर पडतो. बाहेर म्हणजे व्हॅनच्या खाली, तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारी. फ्लॅगस्टाफ २,१०० मीटर उंचीवर, फीनिक्स तीनशे-साडेतीनशे मीटरवर, मध्ये दोन-अडीच तासांचा उतार. सकाळी वर गारठ्यात भरलेली टाकी दुपारी खाली तापलेल्या डांबरावर उभी असते.

हे नुसतं पेपरातलं गणित नाही. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर लॉस अल्फाकेस नावाच्या कॅम्पिंगच्या जागेजवळून एक टँकर चालला होता. आत प्रोपिलीन, प्रोपेनचा सख्खा भाऊ. मर्यादा १९ टनांच्या आसपास, भरलेला २३ टनांहून जास्त, आणि टँकरला रिलीफ व्हॉल्व्हच नव्हता. सुट्टीवर आलेल्या लोकांच्या तंबूंशेजारी तो फुटला. दोनशेहून जास्त माणसं गेली.

तर, ब्लीडर बघायचा. एवढंच. आणि माझ्या व्हॅनमध्ये नेमकं तेवढंच अवघड आहे.

टाकी ड्रायव्हरच्या बाजूला, खालच्या प्लास्टिकच्या पट्टीमागे लपलेली आहे. पाइप जोडायचा व्हॉल्व्ह आणि ती पट्टी यांच्यात जेमतेम चार बोटं जागा. काही पंपांवरच्या पाइपचं तोंड एवढं जाड असतं की ते तिथे शिरतच नाही. आणि ब्लीडर त्याच्याही मागे, आतल्या बाजूला तोंड करून. उभ्याने दिसत नाही, बसून दिसत नाही. पाठीवर झोपून मान तिरकी केली की दिसतो.

गेल्या नोव्हेंबरात आईबाबा आले होते. त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायला निघालो, वाटेत फ्लॅगस्टाफला गॅस भरायचा होता. रात्री तापमान उणे सहापर्यंत जाणार होतं. फर्नेस चालली नाही तर व्हॅनमध्ये झोपणं शक्य नव्हतं. बाबांना दम्याचा त्रास आहे, थंडीत तो वाढतो.

पहिल्या पंपावरचा मुलगा वाकला, बघितलं, उठला आणि म्हणाला, "हे मला जमणार नाही. सॉरी." मी थँक यू म्हणून निघाले. बाबा म्हणाले, "असं कसं जमणार नाही? त्याचं कामच आहे ना ते?" मला मात्र तो मुलगा आवडला. पाइप तिरका लावून नशिबावर सोडण्यापेक्षा त्याचा नकार बरा.

दुसऱ्या ठिकाणी साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते. बोलायला गोड, गुडघ्यांनी थकलेले. त्यांनी पाइप कसाबसा आत घातला, पण ब्लीडरपर्यंत हात पोचेना. मग त्यांनी दोन मार्ग सुचवले. एक, फ्लोट अडवेल तोवर भरू, ब्लीडर राहू दे. दोन, डावीकडची चाकं फुटपाथवर चढवा, म्हणजे खाली जागा होईल.

दुसरा मार्ग ऐकायला इतका शहाणपणाचा वाटतो! पण गाडी तिरकी झाली की टाकीतला द्रव एका बाजूला जातो आणि ब्लीडरची नळी ऐंशीला सत्तर सांगते किंवा नव्वदला ऐंशी. मोजपट्टी दिसावी म्हणून मोजपट्टीच वाकवायची, असला प्रकार. मी म्हणाले, "ब्लीडर बघता येत नसेल तर राहू द्या. तुमचे आभार." ते थोडे दुखावले. "चाळीस वर्षं मी हे करतोय," म्हणाले.

व्हॅनमध्ये बसल्यावर बाबा तेच बोलले. "अगं, रोज भरणारा माणूस आहे तो. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. आणि आता रात्री काय करायचं?"

"मॉटेल घेऊ."

"शंभर डॉलर घालवायचे, एका स्क्रूसाठी?"

आई मागून म्हणाली, "तिने नाही म्हटलंय ना. मग नाही." आई रोज झोपताना रेग्युलेटर बंद करणाऱ्यांपैकी. व्हॅनमध्ये पहिल्या दिवशी आल्या आल्या तिने विचारलं होतं, गॅसचा वास ओळखणारं यंत्र पायाशी का लावलंय, वर का नाही. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, तो आधी जमिनीवर साचतो, असं मी सांगितलं. "मग बरोबर आहे," म्हणाली. "आम्हीही वास आला की दार उघडतो आणि दिव्याच्या बटणाला हात लावत नाही."

बाबांचा मुद्दा चूक होता असं मला वाटत नाही. कष्टाचं काम करणाऱ्या वयस्कर माणसाला एका मुलीने शिकवू नये, हे त्यांच्या बोलण्यात होतं आणि तेही मला पटतं. पण त्या गृहस्थांना काम येत होतं की नाही हा प्रश्नच नव्हता. त्यांना स्क्रू दिसत नव्हता. चाळीस वर्षांच्या अनुभवालाही टाकीच्या आत बघता येत नाही.

रात्री मॉटेलमध्ये मी बाबांना घेंटची गोष्ट सांगितली. ३० जानेवारी २००७, वेस्ट व्हर्जिनिया. एका दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून प्रोपेनची मोठी टाकी होती. तिच्यातला गॅस दुसऱ्या टाकीत हलवायच्या तयारीत असलेला तंत्रज्ञ कामाला लागून दीड महिना झालेला आणि त्या वेळी एकटा. एक व्हॉल्व्ह आतून उघडाच अडकलेला होता. त्याचं बूच काढल्यावर द्रव उसळला आणि गॅस दुकानात शिरू लागला. स्फोट होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं तरी हातात होती. दुकानातली माणसं आतच राहिली. चार जण गेले. केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली तेव्हा प्रशिक्षणाबरोबरच हाही मुद्दा निघाला, की त्या वेळात सगळ्यांना लांब नेलं असतं तर ती माणसं वाचली असती.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे भरताना आपणही खाली उतरायचं?"

"हो. सगळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या, फक्त प्रोपेनच विकणाऱ्या डेपोत गेलो. तिथल्या बाईंनी आधी जमीन सपाट असलेल्या जागी व्हॅन लावायला सांगितली. इंजिन बंद, शेगडी, फ्रिज, फर्नेस बंद, खिडक्या-दारं बंद, आणि तिघंही लांब. मोबाईलही लांब. मग त्यांनी एक जाड रबरी चटई अंथरली, चष्मा आणि हातमोजे चढवले (द्रव प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, उघड्या हातावर पडला तर कातडी गोठते) आणि सरळ पाठीवर आडव्या झाल्या. व्हॉल्व्हचं टोपण काढून आधी फडक्याने पुसलं. गाडीखालचा व्हॉल्व्ह, रस्त्याची माती त्याच्यावर उडणारच. एक खडा आत अडकला, तर पाइप काढल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. त्यांच्या पाइपला पुढे एक लांब, सडपातळ पितळी जोड होता, तो त्या चार बोटांच्या जागेत गेला. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरने ब्लीडर सैल केला.

सूं. मग पांढरा फवारा. पंप बंद, ब्लीडर बंद, पाइप सुटला, टोपण लागलं. शेवटी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. आई खूश झाली. आमच्या गल्लीतला गॅसवालाही सील काढल्यावर तोंडाशी पाणी टाकून हेच बघतो.

"एवढंच?" बाबांनी विचारलं. एवढंच. योग्य जोड, सपाट जमीन, एक चटई आणि आडवी व्हायला तयार असलेली बाई.

परत आल्यावर मी व्हॅन एका परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. टाकीला, व्हॉल्व्हला आपण स्वतः हात लावायचा नसतो. त्याने त्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा कापून तिथे बिजागरीचं झाकण बसवलं. आता झाकण उघडलं की व्हॉल्व्ह समोर येतो. ब्लीडर अजूनही मागेच आहे, त्यासाठी आडवं व्हावंच लागतं. म्हणून गाडीत एक जाड चटई आणि लांब स्क्रूड्रायव्हर कायम असतो. भरायला जाते ती दिवसाउजेडी आणि गर्दी नसताना. मागे रांग लागलेल्या माणसाला चटईवर झोपायला वेळ नसतो.

आणि एक कार्ड आहे. घरी, निवांतपणे, मी व्हॅनखाली जाऊन टाकीचे फोटो काढले, ते छापून त्यावर बाण काढले आणि लॅमिनेट केलं. ऑफिसात कोडबरोबर डॉक्युमेंटेशन लिहायचा मला कंटाळा आहे, हे मात्र मनापासून लिहिलं. पाइप इथे. ब्लीडर इथे, स्क्रू या दिशेला सैल होतो. ऐंशी टक्के म्हणजे एवढे गॅलन. हे कार्ड मी काउंटरवरच देते, गाडीपाशी जायच्या आधी. बघणारा माणूस दोन मिनिटं ते वाचतो आणि मग ठरवतो.

कार्डावरची शेवटची ओळ बाबांनी सुचवली, मी तिचं इंग्रजी केलं. "ब्लीडर दिसत नसेल तर भरू नका. मी रागावणार नाही, दुसरीकडे जाईन."

आतापर्यंत दोघांनी ती ओळ वाचून कार्ड परत दिलं आहे. दोन्ही वेळा मी थँक यू म्हणून पुढच्या पंपाचा रस्ता धरला.