मांडवाखालची तंबाटी

टोमॅटो ही काही वाङ्मयात मान मिळालेली भाजी नव्हे. आंब्याच्या मोहरावर, प्राजक्ताच्या सड्यावर, फार काय बाभळीच्या पिवळ्या गोंड्यांवरही आपल्याकडे लिहिले गेले आहे. टोमॅटोचा आणि कलेचा संबंध आला तो बहुधा नाटक पडले म्हणजे रंगमंचाकडे भिरकावण्यापुरता. तेव्हा कला शाखेतल्या मुलीने वार्षिकांकात टोमॅटोवर लिहावे, हे कुणाला विचित्र वाटले तर नवल नाही. पण जुलै २०२४ पासून पुढचे आठ महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पट्ट्यात. इथे टोमॅटो कुणाला शिकवावा लागत नाही. बांबू, तार आणि सुतळी यांच्या आधाराने उभे केलेले टोमॅटोचे प्लॉट पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. अण्णा तर माझ्या जन्माच्या आधीपासून हे पीक घेतात. नवीन होते ते डोक्यावरचे छप्पर.

हे छप्पर आम्ही हौसेने उभारलेले नव्हते. दहा गुंठ्यांचे ते हरितगृह माझ्या काकांचे. २०१७ साली त्यांनी ते बांधले; अनुदान वजा जाता बाकीचे बँकेचे कर्ज. आत जरबेराची फुले. लग्नसराईत ती पुण्या-मुंबईच्या मांडवांत जात, म्हणून असेल किंवा दिसायला तसे म्हणून असेल, आजी हरितगृहाला पहिल्यापासून 'मांडव'च म्हणत आली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लग्ने थांबली, देवळे बंद झाली, फुलबाजार मिटला. काका रोज फुले तोडत आणि बांधावर टाकत, कारण तोडली नाहीत तर झाड बसते. त्यातून सावरायच्या आत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि वरचा कागद फाडून गेले. (प्लॅस्टिकच्या त्या जाड आच्छादनाला आमच्याकडे कागदच म्हणतात.) काका चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागले. मागे राहिला तो लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि सामाईक सातबाऱ्यावरचा बँकेचा बोजा. चार वर्षे वाऱ्याच्या रात्री त्या फाटक्या कागदाची फडफड आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येई. ती सुरू झाली की अण्णा कूस बदलत.

शेवटी आईने तिच्या बचत गटातून कर्ज काढले आणि नवा कागद आणला. आत ढोबळी मिरची लावा, असे कृषी सहायकांनी सुचवले होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. उघड्या रानातला स्वस्त टोमॅटो बाजारात असताना छपराखालच्या टोमॅटोचा खर्च निघणे अवघडच. पण अण्णांचा विचार साधा होता. पावसाळी टोमॅटोचा खरा शत्रू करपा, आणि करप्याला ओले पान लागते. पान कोरडे राहिले तर दसऱ्याला माल हाती येईल. शिवाय हे पीक हाताला ठाऊक होते.

हाताला ठाऊक होते असे आम्हांला वाटत होते, एवढे खरे. आतली जात निराळी. ती वाढतच राहते. तिला एकाच खोडावर ठेवून सुतळीने वरच्या तारेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा फूट न्यायचे आणि पानाच्या बेचक्यात येणारी प्रत्येक बगलफूट खुडायची. चांगली रसरशीत फूट खुडताना पहिले काही दिवस अण्णांचा हात अडे. आजी दारातून बघे आणि विचारी, "हे झाड म्हणायचं का वेल?" तिच्या तोंडी टोमॅटोला 'तंबाटी' असा शब्द आहे. मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतला 'टोमाट्ल' स्पॅनिशातून इंग्रजीत आणि तिथून आमच्या ओसरीवर येईपर्यंत त्याला आजीने तांबडा रंगही दिला असावा, असे मला भाषाविज्ञानाच्या तासाला वाटून गेले.

ऑगस्टमध्ये झाडे छातीला लागली. पिवळ्या फुलांचे घोस आले. पाने हिरवीगार, करप्याचा ठिपका नाही. आणि फुले गळू लागली. देठाच्या सांध्याशी पिवळी पडत आणि सकाळी गादीवाफ्यावर सडा पडलेला असे. दहा फुलांतले एखादे धरी. अडीच हजार झाडे, आणि फळ मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरावीत. अण्णा बोलेनासे झाले. आई गटाच्या बैठकीला जाऊन यायची आणि काही न सांगता भाकरी थापायला बसायची.

कृषी सहायक आले, त्यांनी एक फूल उलगडून दाखवले. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून सुळक्यासारखी बंद नळी होते. पराग त्या नळीच्या आत, आणि स्त्रीकेसरही आतच. बाहेरून कुणी परागकण आणावे लागत नाहीत. फूल हलले की पुरे. उघड्या रानात ते काम वारा करतो. भुंगाही करतो, तो फुलाला धरून असा गुणगुणतो की त्या थरथरीने पराग झडतात. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. आमच्या मांडवात वारा पडद्याबाहेर आणि भुंगा जाळीबाहेर. त्यात पावसामुळे पडदे सोडलेले, आत दमट हवा, म्हणून पराग ओलसर होऊन गोळा झालेले. युरोपातल्या काचगृहांत पूर्वी माणसे कंप देणारे यंत्र घेऊन ओळीओळीने फिरत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हॉलंड-बेल्जियमकडे त्यासाठी पाळीव भुंग्यांच्या पेट्या ठेवू लागले. "तुमच्याकडे काय आहे?" सहायकांनी विचारले. आईने कोपऱ्यातली काठी उचलली.

त्या दिवसापासून पाऊस उघडला की पडदे वर जाऊ लागले. आणि रोज दहाच्या सुमारास, आतली ओल जरा उडाली की, आई काठीच्या टोकाला फडके गुंडाळून वरची तार ओळीओळीने ठोके. तार थरथरे, सुतळी थरथरे, झाड थरथरे. माझे तास सकाळचे असल्याने आठवडाभर ती आणि रविवारी मी. एका ओळीला पाच-सात मिनिटे लागत; सगळ्या ओळी होईपर्यंत मान आणि खांदा भरून येई. पावसापासून पीक लपवले खरे, पण वारा जे काम फुकट करीत होता ते आईच्या खांद्यावर आले. हा हिशेब कर्जाच्या कोणत्याच प्रकरणात लिहिलेला नव्हता. आठ-दहा दिवसांनी वाळक्या पाकळ्यांतून हिरवे मणी दिसू लागले तेव्हा आईने ते मला दाखवले नाहीत. कुणाची नजर लागू नये म्हणून असावे.

पहिला तोडा सप्टेंबरच्या शेवटी झाला. वीस किलोची अकरा कॅरेट. त्याच आठवड्यात पावसाने आमचा भाग झोडपून काढला. शेजारचा उघडा प्लॉट चार दिवसांत करपला. खोडे काळी, फळांवर तपकिरी डाग, बांबू तेवढे उभे. बाजारात आवक घटली आणि भाव चढला. अण्णा नारायणगावहून परतले ते हातात जिलबीचा पुडा घेऊन. दुसऱ्या दिवशी तोडणीला बाई कमी पडत होत्या, तेव्हा ज्यांचा प्लॉट गेला होता त्या मावशीच रोजावर आल्या. दिवसभर त्या आईच्या शेजारच्या ओळीत तोडत होत्या. बोलणे सगळे भाचीच्या लग्नाचे चालले होते. आमच्या कॅरेटला जो भाव मिळाला तो त्यांच्या रानात करपा पडला म्हणून, हे दोघींना ठाऊक होते. संध्याकाळी आईने त्यांना रोजाच्या पैशांबरोबर दोन किलो टोमॅटो दिले. त्यांनी घेतले. मला त्या वेळी तिथून आत निघून जावेसे वाटले, पण कॅरेट मोजायची होती.

दिवाळीला काका आले. २०२० नंतर त्यांनी त्या बांधावर पाऊल टाकले नव्हते. घरी आले तरी ओसरीवरच बसत आणि मांडवाकडे पाठ करीत. पाडव्याच्या सकाळी अण्णा म्हणाले, "चल रे, जरा पडद्याची दोरी बघ, अडकते." दोरी कुठेच अडकत नव्हती. काका आत आले. पहिल्यांदा त्यांनी कागदाच्या कडा पाहिल्या, मग पन्हळीतले स्प्रिंग चाचपले. आई तार ठोकत होती. "वहिनी, हे काय?" आईने सांगितले. काका हसले. "जरबेराला हे नव्हतं बुवा. तुम्ही तर भुंगाच झालात." मग त्यांनी काठी मागून घेतली आणि एक ओळ ठोकली, मग दुसरी. तिरप्या उन्हात फुलांतून पिवळी धूळ उडताना दिसत होती. चहा निवला तरी ते बाहेर आले नाहीत, आणि अण्णांनीही हाक मारली नाही.

पुढचे सांगण्यासारखे थोडे आहे. नाताळच्या सुमारास सगळीकडचा माल आला आणि भाव उतरला. आमच्या पट्ट्याला याची सवय आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपये भाव म्हणून राज्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. जुलै २०२३ मध्ये याच नारायणगावात एक कॅरेट दोन हजारांवर गेले. दोन्ही वेळा झाड तेच आणि कष्टही तेवढेच. शहरातले पाहुणे दुसरीच बातमी लक्षात ठेवतात आणि आम्हांला कोट्यधीश समजतात. छपराखालचा आमचा माल एकसारखा आणि चकचकीत होता, पण बाजार उतरला तेव्हा त्याला कॅरेटमागे थोडेच जास्त मिळाले. फेब्रुवारीअखेर हिशेब केला. बचत गटाचे कर्ज फिटले. बँकेचे दोन हप्ते गेले. आईच्या मजुरीचा रकाना मी वहीत आखला होता, तो अण्णांनी बराच वेळ पाहिला आणि कोराच ठेवला.

मार्च २०२५ मध्ये आम्ही झाडे उपटली, सुतळ्या सोडवून गुंडाळून ठेवल्या. पुढच्या पिकाविषयी अण्णा पुन्हा टोमॅटो म्हणत होते, काका चाकणहून रोज फोन करून ढोबळी मिरची म्हणत होते, आणि आई म्हणत होती, मिरचीला काठी लागते का ते आधी विचारा. आजीने तोवर कोपऱ्यातल्या दोन वाफ्यांत मेथी टाकली.