कटिंगचं पुस्तक

पानं आठ, आकार शाळेच्या वहीच्या निम्मा, लॅमिनेशन आणि स्पायरल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं. एका टोकाला दातांच्या खुणा. लेखिका माझी बहीण, नायक तिचा साडेचार वर्षांचा स्वमग्न मुलगा आणि आवृत्ती एका प्रतीची.

हे पुस्तक कधी आवाज चढवत नाही. ‘शहाण्या मुलासारखा बस’ असलं एकही वाक्य त्यात सापडायचं नाही. पहिल्या पानावर दुकानाचा फोटो, खाली लिहिलंय, ‘माझे केस वाढले की मी बाबांबरोबर कटिंगला जातो.’ तिसऱ्यावर मशीन: ‘मशीन घुर्रर्र वाजतं. काही मुलांना तो आवाज आवडत नाही. मशीन वाजतं तेव्हा काका कानामागचे केस कापत असतात.’ पाचव्यावर: ‘मी हात वर केला की काका मशीन बंद करतात.’ बस्स. आपल्याकडच्या गोष्टींना शेवटी तात्पर्य लागतं. याला त्याचं वावडं.

अशा पुस्तकांचं घराणं अमेरिकेतलं. मिशिगनमधल्या कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९०च्या सुमारास स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी अशा ‘सोशल स्टोरी’ लिहायला घेतल्या. पुढे त्या इतर लहान मुलांसाठीही वापरल्या जाऊ लागल्या. घराण्याची शिस्त मात्र कडक. गोष्टीत ‘तू’ चालत नाही. ‘मी’ म्हणा, नाहीतर तिसऱ्याच कुणाची म्हणून सांगा. काय करायचं हे सांगणारं एक वाक्य असेल, तर काय घडतं, का घडतं, इतरांना काय वाटतं हे सांगणारी किमान दोन हवीत. ‘नेहमी’ऐवजी ‘बहुतेक वेळा’, कारण एखाद्या सोमवारी दुकान बंद निघालं तर पुस्तक खोटं पडेल. वाचायचं निवांत असताना. रडारड चालू असताना नाकासमोर धरलं तर ती शिक्षाच झाली. आणि निम्म्या तरी गोष्टी मुलाला जे आधीच छान जमतं त्यावर हव्यात. म्हणून घरात कुंड्यांना पाणी घालण्याचंही एक पुस्तक आहे. मला विचाराल तर ग्रेबाईंचा सगळ्यांत शहाणा नियम हाच. एरवी या मुलांच्या वाट्याला नुसत्या दुरुस्त्या येतात.

यातली खरी गोम पाचव्या पानात आहे. ते पान मुलाला काही शिकवतं त्याहून जास्त मोठ्यांना बांधून घालतं. ते लिहिण्याआधी मेव्हण्यांना दुकानात जाऊन काकांचा शब्द घ्यावा लागला. काकांनी तो पाळला. पहिल्या खेपेला हात इतक्यांदा वर गेला की बाकावरची दोन गिऱ्हाइकं कंटाळून उठून गेली, आणि आमचं पोरगं अर्धवट कापलेल्या डोक्याने आठवडाभर बालवाडीत मिरवलं. त्यानंतर त्यानेच पुस्तकाची चूक काढली. मान खाजवत सहाव्या पानावर बोट आपटत राहिला. मानेवर बारीक केस टोचतात, हे आम्हा मोठ्यांपैकी कुणाला आठवलंच नव्हतं! आता तिथे बॉलपेनने लिहिलेली पट्टी चिकटवली आहे.

सध्या पाचव्या वर्षाच्या इंजेक्शनचं पुस्तक चाललंय. ‘दुखत नाही’ असं लिहायला बहीण तयार नाही. आजी म्हणाली, “मुंगी चावते तेवढंच, असं लिही ना.” पण हा शब्दाला शब्द धरणारा, दवाखान्यात मुंग्या शोधत बसेल. मग ‘थोडं दुखेल’. थोडं म्हणजे किती, हे तो विचारणारच. शेवटी असं ठरलं: ‘सुई आत जाते तेव्हा दुखतं. मी पाचपर्यंत आकडे मोजतो. बहुतेक वेळा तोवर सुई बाहेर आलेली असते. नंतरही दंड दुखू शकतो.’ आजीला हे फारच रोखठोक वाटतंय. बहिणीची काळजी वेगळीच. पाच पुरतील की दहा लिहू, हे विचारायला ती उद्या नर्सबाईंकडे जाणार आहे.