पहिली जानेवारी १७७३

‘अमेझिंग ग्रेस’ हे नववर्षाचं गाणं आहे! सिनेमात, अंत्यविधींत, बॅगपाइपवर इतक्या वेळा ऐकलं, पण हे कुणी कधी बोललंच नाही. इंग्लंडमधलं ओल्नी नावाचं लहानसं गाव, तारीख १ जानेवारी १७७३, वार शुक्रवार. पाळक जॉन न्यूटन यांच्या त्या दिवशीच्या प्रवचनाला जोडून हे शब्द आले. समोर कोण, तर घरोघरी लेस विणून पोट भरणारी गरीब मंडळी. आणि गंमत म्हणजे आपल्या कानात बसलेली चाल तेव्हा नव्हतीच! ती या शब्दांना लागली अमेरिकेत, १८३५ साली.

मग मी बायबल काढलं. प्रवचनाचा आधार होता १ इतिहास, अध्याय १७. तो वाचून मी खुर्चीतून उठलेच. दावीद राजा स्वतः गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाच्या कराराचा कोश मात्र तंबूत. म्हणून तो देवासाठी मंदिर बांधायचं ठरवतो. किती चांगला संकल्प! पण त्याच रात्री नाथान संदेष्ट्याकडे निरोप येतो: ते तू बांधायचं नाहीस, उलट मीच तुझं घराणं उभं करणार. यावर दावीद जाऊन देवासमोर बसतो आणि विचारतो, मी असा कोण, की तू मला इथवर आणलंस? नववर्षाच्या प्रवचनाला न्यूटननी नेमकं हे निवडलं! संकल्प बाजूला सारला जातो आणि न मागितलेलं पदरात पडतं. आमच्या घरी ३१ डिसेंबरला होणाऱ्या याद्या आठवून मला हसूच आलं.

‘इथवर आणलंस’ हे न्यूटननी उगाच नाही धरलं. मार्च १७४८, भर अटलांटिकात वादळ, ‘ग्रेहाउंड’ जहाजात पाणी शिरतंय. न्यूटन शिडीवरून वर निघालेले. कप्तानाने सुरी आणायला परत खाली पाठवलं. त्यांच्याऐवजी जो वर गेला त्याला लाटेने ओढून नेलं. एका सुरीपायी वाचलेला माणूस!

इथे कुणालाही वाटेल, झालं, माणूस सुधारला. छे! त्यानंतर हेच गृहस्थ गुलामांच्या जहाजांचे कप्तान झाले, तीन फेऱ्या केल्या. देवावर विश्वास बसलेला आणि खाली साखळ्यांत माणसं. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांची पुस्तिका निघाली थेट १७८८ मध्ये. इतका उशीर मला पचत नाही, आणि पचूही नये. पण म्हणूनच त्या गाण्यातली कृपा मला आता साखरेसारखी गोड लागत नाही, खरी लागते. मार्च १८०७ मध्ये ब्रिटनने तो व्यापार बंद करणारा कायदा केला. त्याच डिसेंबरात न्यूटन गेले.

आणि कूपर! विल्यम कूपर, कवी, ओल्नीतलेच, न्यूटनचे जिवलग मित्र. १७७३ च्या त्याच जानेवारीत ते नैराश्यात असे बुडाले की देवाने आपल्याला टाकलंय अशी त्यांची खात्रीच झाली. त्यानंतर ते उपासनेला कधीच गेले नाहीत. न्यूटननी काय करावं? वसंतात त्यांना स्वतःच्या घरी आणलं आणि वर्षाहून जास्त काळ सांभाळलं! १७७९ मध्ये ‘ओल्नी हिम्स’ छापून निघालं ते दोघांच्या गीतांचं. आता मला कूपरची पत्रं वाचायचीच आहेत. कुणाच्या कपाटात असतील तर कृपा करा, आजच कळवा, मी घ्यायला येते.